८०० जणांना विचारून काय कळतं? : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतल्या जनमत चाचण्यांवरच्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. विस्कॉन्सिन राज्यातल्या ८०० जणांना विचारून ३४ लाख मतदारांचं मन कसं कळणार? ट्रम्प तीनदा उभे राहिले आणि तिन्ही वेळा चाचण्यांनी त्यांना कमी दाखवलं, तर सरळ ३ टक्के त्यांच्या पारड्यात का टाकू नयेत? आणि ‘३० टक्के शक्यता’ म्हटलं की निकाल काहीही लागो, सांगणारा सुटतो. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, आणि नेमकं तिथेच माझ्या लेखात अर्धवट लिहिलं गेलं होतं.

मी ±३.५ टक्के त्रुटी, म्हणजे नमुना लहान असल्याने आकडा किती वर-खाली असू शकतो ते, लिहिली होती. ती एका उमेदवाराच्या मतांना लागू होते. दोघांमधल्या आघाडीला ती जवळपास दुप्पट, म्हणजे ७ धरावी लागते. डेमोक्रॅट हॅरिस ४९, रिपब्लिकन ट्रम्प ४७ असा आकडा आला तर त्यातून हॅरिस ९ ने पुढे ते ट्रम्प ५ ने पुढे, यातलं काहीही निघू शकतं. हे लेखात यायला हवं होतं, ती दुरुस्ती केली आहे.

३४ लाख या संख्येची मात्र अडचण नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच. इथे तो तसा शिजलेला नसतो, कारण फोन कोण उचलतं यावर सगळं ठरतं. प्यू या संस्थेच्या फोनवरच्या चाचण्यांना १९९७ मध्ये १०० पैकी ३६ जण प्रतिसाद देत. २०१८ पर्यंत ते ६ वर आले.

कागदावर एक काल्पनिक हिशोब मांडू. ८०० उत्तरांत पदवीधर ४०० आणि बिगरपदवीधर ४०० आले. पदवीधरांत डेमोक्रॅट ५७ टक्के, रिपब्लिकन ४० टक्के. बिगरपदवीधरांत ४४ आणि ५३. सरळ सरासरी काढली तर डेमोक्रॅट ४ ने पुढे. पण प्रत्यक्ष मतदारांत हे प्रमाण ४०:६० आहे. म्हणून पदवीधराचं उत्तर ०.८ ने आणि दुसऱ्याचं १.२ ने गुणायचं. आघाडी उतरते १.४ वर. याला भारांकन म्हणतात. २०१६ मध्ये बऱ्याच राज्यस्तरीय चाचण्यांनी शिक्षणाचं भारांकन केलंच नव्हतं.

२०२० मध्ये बहुतेकांनी ते केलं आणि तरीही चूक वाढली. विस्कॉन्सिनमध्ये सरासरी बायडेन यांना ८ च्या वर आघाडी देत होती, ते जिंकले ०.६ ने. वरच्याच हिशोबात बघा: बिगरपदवीधरांपैकी जे फोन उचलतात ते न उचलणाऱ्यांपेक्षा थोडे डेमोक्रॅटांकडे झुकलेले असले, आणि त्या गटाचं खरं मत ४४-५३ नसून ४१-५६ असलं, तर निकाल रिपब्लिकन २.२ ने पुढे असा फिरतो. गुणक १.२ चा १.३ करून हे सुधारत नाही, कारण जो बोललाच नाही त्याचं मत गुणायला हातात नसतं. नमुना ८,००० चा केला तरी हा दोष जसाच्या तसा राहतो.

मग ३ टक्के का टाकू नयेत? कारण चूक कुठल्या बाजूला होईल हे आधी कळत नाही. २०१२ मध्ये देशभरातल्या चाचण्यांची एक प्रसिद्ध सरासरी डेमोक्रॅट ओबामांना ०.७ ने पुढे दाखवत होती, ते ३.९ ने जिंकले. तेव्हा कुणी रिपब्लिकनांना आणखी ३ बहाल केले असते तर? २०२४ मध्ये अनेक संस्थांनी वेगळी वाट धरली: ‘२०२० मध्ये कुणाला मत दिलं होतं?’ असं विचारून त्यावर भारांकन. यातही धोका आहे, काही लोक नंतर जिंकलेल्याचंच नाव सांगतात. पण ते न करण्याची किंमत आयोवात दिसली. अ‍ॅन सेल्झर यांच्यासारख्या नावाजलेल्या चाचणीकारांच्या ८०८ जणांच्या चाचणीत हॅरिस ३ ने पुढे होत्या. ट्रम्प तिथे १३ ने जिंकले.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०१६ च्या मतदानाच्या दिवशी अंदाज वर्तवणारी काही मॉडेल्स क्लिंटन यांना जिंकण्याची ९८-९९ टक्के शक्यता देत होती, आणि फाइव्हथर्टीएट ही अंदाज सांगणारी वेबसाइट ट्रम्प यांना २९ च्या आसपास. चाचण्या सगळ्यांपुढे त्याच होत्या, मुख्य फरक गृहीतकात होता. समजा विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया ही निकाल ठरवणारी राज्यं ट्रम्प यांना मिळण्याची शक्यता प्रत्येकी ३० टक्के आहे. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही असं मानलं तर तिन्ही मिळण्याची शक्यता ०.३ × ०.३ × ०.३, म्हणजे २.७ टक्के. तिन्हीकडे चूक एकाच दिशेने होते असं मानलं तर ती ३० च्या जवळ जाते. १९९२ पासून २०२४ पर्यंतच्या नऊही निवडणुकांत ही तीन राज्यं एकाच पक्षाकडे गेली आहेत. ट्रम्प २०१६ मध्ये ती तिन्ही मिळून जेमतेम ७८ हजार मतांनी जिंकले.

तेव्हा ३० टक्के सांगणारा सुटत नाही. त्याने आजवर ३० टक्के सांगितलेले सगळे अंदाज एकत्र काढा. त्यातले दहातले तीनेक खरे ठरले पाहिजेत. एकही खरा ठरला नाही किंवा सात ठरले तर त्याचं मॉडेल बिघडलेलं आहे.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या तुमच्या ओळखीतले बरेच जण २०२४ मध्ये ट्रम्पकडे वळले, आणि एका देशव्यापी चाचणीतही ‘भारतीयांचा कल’ तसाच दिसला. न्यू जर्सीत डेमोक्रॅटांची आघाडी २०२० च्या १६ वरून २०२४ मध्ये ६ वर आली हे खरंच. पण अमेरिकेत भारतीय वंशाचे लोक दीड टक्क्याच्या आसपास आहेत. ८०० च्या नमुन्यात ते दहा-बारा येणार, आणि बारा जणांवर त्रुटी ±२८ टक्के. त्यासाठी फक्त भारतीय वंशाच्या मतदारांची स्वतंत्र चाचणी शोधा, आणि त्यातही विचारलेले सगळे नागरिक होते की ग्रीन कार्डवालेही मोजले, हे आधी बघा.