हलके बूट आणि सुट्या गोट्यांची नदी: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

तुम्ही लिहिलंय की आम्ही सुचवलेले हलके वेडिंग बूट (पाण्यात उतरून चालण्यासाठीचे बूट) घालून नदीत उतरलात, तासाभरात तळवे ठणकायला लागले आणि शेवटी दोन गोट्यांच्या फटीत पाऊल जाऊन घोटा मुरगळला. जड बूट मागितले असताना दुकानानेच नको म्हटलं आणि फेल्टचा (नमद्यासारख्या दाबलेल्या तंतूंचा) तळही दिला नाही, हाही तुमचा राग आहे. घोटा आता कसा आहे, ते आधी कळवा.

बुटांच्या बाबतीत चूक आमची आहे. पाण्यापर्यंत किती चालावं लागतं, एवढंच आम्ही विचारलं. तुम्ही दीड-दोन तास म्हणालात आणि आम्ही लगेच हलका जोड पुढे केला. पाण्यात पायाखाली वाळू आहे, बारीक खडी आहे की नारळाएवढे सुटे गोटे, हे विचारायलाच हवं होतं.

चालण्यापुरता तो सल्ला बरोबर होता. पायातलं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा चार ते सहा पट दमवतं, हे १९६९ मध्ये अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी मोजून दाखवलंय. पण गोट्यांवर हिशोब बदलतो. नुसत्या वजनाने पाय रोवला जातो असं बरेच जण मानतात, ते मला पटत नाही. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो, तिथे बुटाच्या चार-पाचशे ग्रॅमचा काय पाड? जड बुटात खरं काम करतो तो ताठ तळ, घोट्याभोवतीची घट्ट पट्टी आणि बोटांवरचं कडक टोपण. वजन त्यांच्यामुळे वाढतं.

तुमच्याकडचा बूट एका हाताने टाचेला, दुसऱ्याने चवड्याला धरून ओलं फडकं पिळतो तसा पिळून बघा. सहज वळेल. गोट्याच्या कडेवर पाऊल पडलं की तळ तसाच वळतो आणि त्याला सावरायचं काम दिवसभर तुमच्या तळव्याच्या स्नायूंना करावं लागतं. तळवे ठणकले ते यामुळेच.

फेल्टबद्दल मात्र आमचं मत बदलणार नाही. शेवाळलेल्या दगडावर त्याची पकड उत्तम, हे मान्य. पण तो लवकर वाळत नाही आणि त्या ओलीत एका नदीतले सूक्ष्मजीव दुसऱ्या नदीत जातात. डिडिमो नावाचं शेवाळ पसरू नये म्हणून न्यूझीलंडने २००८ मध्ये फेल्टच्या तळांवर बंदी घातली. रबरी तळाला धातूचे खिळे बसवून घ्या, आम्ही ते विनामूल्य बसवून देऊ.

जोड वापरलेला असला तरी घेऊन या. पैसे परत घ्या किंवा ताठ तळाचा बदलून घ्या. येताना वेडर, म्हणजे पाण्यात घालायची जलरोधक विजार, आणा. त्याला जोडलेला निओप्रीनचा (जाड, रबरी कापडाचा) मोजा घालूनच बुटाचं माप बघायचं, नाहीतर बूट पाण्यात आवळतो. आणि नदीपर्यंत साध्या बुटात चाला, जड जोड पाठीवरच्या पिशवीत ठेवा. तिथे तो कमी दमवेल.

घोटा बरा होईपर्यंत पाण्यात उतरू नका. पुढच्या खेपेला हातात काठी असू द्या.