काय पुरताय तिथे?

मुलांना टेकडीवर न्यायचं असेल तर सगळ्यात आधी ‘टेकडी’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ‘फिरायला’, ‘मोकळी हवा’, ‘व्यायाम’ हेही बाद. ‘निसर्ग’ म्हटलं की आमच्या धाकट्याच्या पोटात दुखतं आणि थोरलीला गृहपाठ आठवतो. दिवाळीच्या सुट्टीत, आपणहून गृहपाठ! पुण्याची वेताळ टेकडी आमच्या गॅलरीतून दिसते. ती दिसते म्हणून बिल्डरने चौरस फुटामागे जादा पैसे घेतले होते आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत. तेव्हा निदान व्याज वसूल होण्यापुरतं तरी मुलांनी तिच्यावर चढावं, एवढीच माझी माफक अपेक्षा.

म्हणून यंदा मी शब्दच बदलला. “खजिना शोधायला कोण कोण येणार?”

टॅबवरून मान वर न करता धाकट्याने विचारलं, “खजिन्यात काय आहे?”

“ते आधीच सांगितलं तर खजिना कसला?”

“मग अंदाजे किंमत सांग.”

हा मुलगा पुढे कोण होणार याची मला चिंता नाही, त्याच्याशी व्यवहार करणाऱ्यांची आहे. ‘किमतीत चिक्की धरलेली आहे’ एवढ्या आश्वासनावर तो तयार झाला. संध्याकाळपर्यंत बातमी सोसायटीभर झाली आणि यादीत दुसऱ्या मजल्यावरच्या जुळ्या, समोरच्यांचा मुलगा आणि बी विंगमधला एक अतिशय स्वच्छ मुलगा दाखल झाले. स्वच्छ मुलाच्या आईने फोन करून त्याने कशाकशाला हात लावायचा नाही याची यादी सांगितली. माती दुसऱ्या क्रमांकावर होती. पहिल्या क्रमांकावर इतर मुलं.

आता आमच्या घरात कुठल्याही कामाला हात घालण्याआधी नवरा त्या कामाचा इतिहास सांगतो. मी रद्दीचे कागद कापून चिठ्ठ्या लिहीत होते आणि तो जिओकॅशिंगवर, म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेले डबे शोधण्याच्या खेळावर, बोलत होता. जीपीएसच्या नागरी वापरात अमेरिकेने पूर्वी मुद्दाम चूक मिसळलेली असायची, शंभरेक मीटरची. मे २००० मध्ये क्लिंटन अध्यक्ष असताना ती काढून टाकली आणि एका रात्रीत जगभरातल्या यंत्रांना आपण दहा-वीस मीटरच्या आत कुठे आहोत ते कळायला लागलं. लगेच ३ मेला डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगनच्या जंगलात एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकून दिले. बादलीत काय? पुस्तकं, सीडी, गलोल आणि बीन्सचा, म्हणजे उसळीचाच, एक सीलबंद डबा. मला त्या उल्मरबाईंचं वाईट वाटलं, असल्या तर. नवरा दिवसभर गायब, आणि घरातली बादलीही. नियम एकच: सापडल्यावर काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा.

“पण त्याच्याही आधी,” नवरा म्हणाला, आणि मी दिवाळीचा उरलेला चिवडा त्याच्या पुढ्यात ठेवला, कारण त्याचं ‘त्याच्याही आधी’ लांबतं. त्याच्याही आधी १८५४ मध्ये इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल नावाच्या आडवाटेच्या ठिकाणी एक बाटली ठेवली होती. तिथवर चालत पोचणाऱ्याने तिच्यात आपलं कार्ड टाकून यायचं. एवढं चिखल तुडवून जायचं आणि व्हिजिटिंग कार्ड टाकून परत यायचं! पण या वेडावर तिथे आज दीडशे वर्षांहून जास्त काळ माणसं माळभर डबे शोधत हिंडताहेत, म्हणजे मुलांचं जाऊ द्या, मोठ्यांना घराबाहेर काढायलाही असलंच काहीतरी लागतं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं डबा लपवायला गेलो. वनखात्याच्या जागेत खणायचं नाही, पाना-फांदीला धक्का लावायचा नाही हे आमचं ठरलेलं. दगडाच्या कपारीत स्टीलचा डबा सरकवायचा आणि निघायचं, पाच मिनिटांचं काम. पण तिन्हीसांजेला टेकडीवर वाकून कपारीत डबा सरकवणारं जोडपं किती संशयास्पद दिसतं, हे स्वतः वाकल्याशिवाय कळत नाही.

“काय पुरताय तिथे?”

मागे एक आजोबा उभे. पांढरे बूट, माकडटोपी, हातात काठी. काठी कुत्र्यांसाठी असावी, पण त्या क्षणी ती आमच्यावर रोखलेली होती.

“पुरत नाही, ठेवतोय,” नवरा म्हणाला.

“ठेवताय म्हणजे? टेकडी काय फडताळ आहे तुमचं?”

“मुलांसाठी आहे काका. खजिना.”

“उघडा.”

उघडला. चिक्की, एक भिंग, शिट्ट्या, आणि ‘शाब्बास’ लिहिलेली चिठ्ठी. आजोबांनी सगळं खाली-वर करून पाहिलं. इथे एखाद्या शहाण्या माणसाने नमस्कार करून काढता पाय घेतला असता. माझ्या नवऱ्याने त्यांना क्लिंटनपासून सुरुवात करून डार्टमूरपर्यंत नेलं. उजेड संपला तरी ते दोघं बाटलीपाशीच होते. आजोबांनी मधेमधे “साल कुठलं म्हणालात?” असं दरडावून विचारलं आणि शेवटी “बघू” म्हणून निघून गेले. काय बघू, ते सांगितलं नाही.

रविवारी सकाळी साडेसातला निघायचं ठरलेलं, त्यामुळे सव्वानऊला निघालो. पायथ्याशी नवऱ्याने टेकडीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर असल्याचं सांगितलं आणि जुळ्या जागच्या जागी बसल्या. मग पुणेच मुळात साडेपाचशे मीटरवर आहे, तेवढं आपण जन्मतःच चढलेलो आहोत, फक्त उरलेलं बाकी, अशी सूट जाहीर केल्यावर उठल्या.

पहिला डाव वस्तू गोळा करण्याचा. कुणीतरी खाल्लेलं पान. पडलेलं पीस. तीन वेगवेगळ्या बिया. माणसाने न बनवलेली एक गोष्ट. आणि सगळ्यात मऊ वस्तू. झाडावरचं काही तोडायचं नाही, जे पडलंय तेच उचलायचं. पोरं पांगली. पहिल्या पाच मिनिटांत गुटख्याच्या पुड्या, बाटलीची बुचं आणि एक चप्पल आली. ‘माणसाने न बनवलेली’ या सदरात समोरच्यांचा मुलगा तळहातावर काहीतरी घेऊन आला. ते मोराने बनवलेलं होतं. नियमात बसत होतं, त्यामुळे गुण द्यावे लागले. बी विंगच्या स्वच्छ मुलाने हे पाहिलं आणि स्वतःच्याच हातांना सॅनिटायझर लावला.

‘सगळ्यात मऊ’साठी मी मनात शेवाळ, गवताचा तुरा, फार तर पिसाची आतली लव धरली होती. धाकटा आला तो टी-शर्टच्या झोळीत कुत्र्याचं पिल्लू घालून. मागोमाग पिल्लाची आई, आणि तिचा आवाज मऊ या वर्गात मोडणारा नव्हता. पुढची काही मिनिटं आमच्या मोहिमेला फार चांगली गती होती. उरलेला सगळा चढ मुलांनी एका दमात चढला. पिल्लू वाटेत सन्मानपूर्वक परत केलं.

वर टेकडीचं पठार उन्हात पिवळंधमक. नवरा झाडं दाखवायला लागला. वनखात्याने लावलेल्या गिरिपुष्पाची गर्दी दाखवून तो म्हणाला, “हे मूळचं मध्य अमेरिकेतलं. आपल्याकडे याला उंदीरमारीही म्हणतात, याच्या विषाने उंदीर मरतात म्हणून.” पोरं थबकली. आजवर झाड म्हणजे सावली, फळं, फुलं आणि निबंध. झाड खून करतं हे पहिल्यांदाच कळलं. तिथून पुढे प्रत्येक झाडापाशी एकच प्रश्न: “आणि हे कुणाला मारतं?” सालईपाशी “कुणालाच नाही, हिचा डिंक धुपासारखा जाळतात, वास छान येतो” हे ऐकून सगळ्यांची निराशा झाली. तिच्या खोडाचे कागदासारखे पापुद्रे पाहून स्वच्छ मुलाला मात्र पहिल्यांदाच हात लावावासा वाटला. त्याने आधी झाडाला सॅनिटायझर लावला, मग हात.

दुसरी चिठ्ठी माझी, कोड्याची:

चार पाय नाहीत, गवत खात नाही,
डोक्यावर शिंगं, पण मारत नाही.

उत्तर मेडशिंगी. तिच्या बाकदार शेंगा मेंढ्याच्या शिंगांची आठवण करून देतात आणि पठारावर समोरच एक झाड शेंगा लोंबवत उभं होतं. समोरच्यांच्या मुलाने थेट खाली शहराकडे बोट केलं: “मोबाइल टॉवर!” पाय नाहीत, गवत खात नाही, डोक्यावर शिंगं, आणि मारत नाही. कोड्याच्या चारही अटी पूर्ण. जुळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कवितेचं सौंदर्य समजावून सांगेपर्यंत थोरलीने शेंगांकडे बघून “हं, हे असणार,” म्हणून बुंध्याशी पडलेल्या दगडाखालची चिठ्ठी काढलीसुद्धा. तिला गृहपाठ आठवायला वेळ मिळाला नव्हता.

तिसरी चिठ्ठी नवऱ्याची, म्हणजे नुसते आकडे. १८.५२ उत्तर, ७३.८१ पूर्व, आणि पुढे आणखी बरेच दशांश. मोबाइल हातात मिळाल्याबरोबर मुलांचे चेहरे असे उजळले की माझी सकाळची सगळी मेहनत पाण्यात गेली असं वाटलं. पण फोन उघड्यावर चार-पाच मीटरपर्यंतच अचूक सांगतो, आणि त्या चार-पाच मीटरांत टेकडी काय काय ठेवते ते त्याला माहीत नसतं. फोनने “पोहोचलात” म्हटलं तेव्हा आम्ही घाणेरीच्या जाळीत कमरेपर्यंत उभे होतो.

जाळीतून निघालो, पण एकट्याने नाही. मोजे, पँटा, शर्टांच्या बाह्या सगळीकडे कुसळं. धाकट्याला कुसळ फक्त दुसऱ्याच्या डोळ्यातलं माहीत, तेही म्हणीतलं. आता ते स्वतःच्या पायात शिरल्यावर त्याने जो सूर लावला त्याने लांबचा मोर दचकून ओरडला. सगळे खडकावर बसून एकमेकांच्या मोज्यांतून कुसळं उपटायला लागले. कुसळ पुढे सरकतं, मागे येत नाही, म्हणून कामाला वेळ लागतो. समारंभ मोडण्याची लक्षणं होती. एक जुळी “घरी” म्हणाली, दुसरी “आत्ता” म्हणाली.

आणि नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदाच इतिहास न सांगता एक काम केलं. एक कुसळ धाकट्याच्या तळहातावर ठेवून त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. क्षणभर काही नाही. मग कुसळाची लांब शेपटी आपोआप हलली आणि घड्याळाच्या काट्यासारखी फिरू लागली.

“जिवंत आहे!” धाकट्याने हात झटकला. मग लगेच जमिनीवर शोधलं, उचललं आणि स्वतः पाणी घातलं. पुन्हा फिरलं.

वाळताना त्या शेपटीला पीळ पडतो, भिजली की पीळ सुटतो, आणि त्या फिरण्याने खालचं टोकदार बी स्वतःला जमिनीत भोक पाडून पेरून घेतं. मोज्यातही तेच करत होतं बिचारं. हे सांगायला नवऱ्याने तोंड उघडलं, पण ऐकायला कुणी नव्हतं. सहा पोरं खडकावर कुसळं मांडून बाटल्यांची बुचं भरभरून पाणी घालत होती. पाचव्या मिनिटाला शर्यत सुरू झाली. सातव्या मिनिटाला पैजा. ज्याचं कुसळ जास्त गरके मारेल त्याला हरणाऱ्याच्या वाट्याची चिक्की. अजून न सापडलेल्या डब्यातली! स्वच्छ मुलगा दोन्ही हात मातीत रोवून “ये, ये, फिर, फिर!” असं ओरडत होता. त्याने सगळ्यांच्या मिळून साडेतीन वड्या जिंकल्या. त्याच्या आईचा मेसेज रात्री आला: मुलं टेकडीवर सट्टा खेळली असं कळलं, खरं आहे का?

डबा शोधायला मग कुणाला ढकलावं लागलं नाही, कारण वसुली बाकी होती. घाणेरीमागच्या कपारीत थोरलीचा हात गेला, झाकण उघडलं, आणि सगळे गप्प.

‘शाब्बास’ची चिठ्ठी होती, पण नवऱ्याने तिच्यावर खाली लिहिलेल्या सूचनांवर लाल पेनाने खुणा. ‘दक्षीण’मधल्या ‘क्षी’ला गोल करून शेजारी ऱ्हस्व वेलांटी. दोन अनुस्वार वाढवलेले. आणि कागदाच्या मागे ठसठशीत, वळणदार अक्षरात:

‘उपक्रम उत्तम. शुद्धलेखन सुमार. १८५४ हे साल घरी जाऊन तपासले, बरोबर आहे. बीन्सच्या डब्याचेही बरोबर निघाले, आश्चर्य वाटले. नियमानुसार एक चिक्की घेतली आहे व तिच्या जागी आवळासुपारीची पुडी ठेवली आहे. मला मधुमेह असल्याने याची वाच्यता करू नये. पुढील रविवारी आमचा डबा. पहिली खूण खाणीजवळच्या उंदीरमारीपाशी मिळेल. सकाळी सहाच्या आत यावे, नंतर आम्ही नसतो.’

खाली सही. वाचता येत नाही.

चिक्कीचे हिशेब कपारीपाशीच सुरू झाले. एक वडी कमी भरत असल्याने समोरच्यांच्या मुलाने तिच्याऐवजी आवळासुपारी घ्यायला साफ नकार दिला, आणि ती नवऱ्याने खाल्ली. उतरताना मी म्हटलं, सहा म्हणजे फारच लवकर, आपण नऊला येऊन बघू. तर धाकटा माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मी ‘निसर्ग’ म्हटलं. घरी आल्या आल्या त्याने माझ्या फोनवर पाचचा गजर लावला. फक्त वार निवडायचा असतो ते त्याला ठाऊक नाही, आणि कसं बंद करायचं ते तो मला सांगत नाही. सोमवारी वाजला. मंगळवारीही वाजला.