सुपरवायझरचं नाव: सासूबाई

"मी नर्सिंगला अर्ज करतेय," असं मंडळाच्या कोजागिरीला मी म्हणाले आणि मसाला दुधाचे कप धरून उभ्या असलेल्या चौघी एकदम गप्प झाल्या. मग एकीने हळूच विचारलं, "का गं? घरी सगळं ठीक आहे ना?"

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात येऊन पडलेल्या मराठी बाईने काय शिकावं हे ठरलेलं आहे. आल्या आल्या सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स, मुलं शाळेत जायला लागली की रिअल इस्टेटचं लायसन्स, चाळिशी उलटली की योगशिक्षिका. नर्सिंग यात कुठेच बसत नाही. "एवढा खटाटोप करायचाच तर डॉक्टर तरी हो," असा सल्ला एका काकांनी दिला. शेवटी माझ्या नवऱ्याने बोलता बोलता सांगून टाकलं, की इथल्या रजिस्टर्ड नर्सचा वर्षाचा पगार लाख डॉलरच्या बराच पुढे असतो. निघताना त्याच चौघींपैकी दोघींनी मला चपलांपाशी गाठलं. "वयाची अट आहे का गं?"

वयाची नाही. बाकी सगळ्याची आहे.

एस.वाय.बी.एस्सी. झालं आणि माझं लग्न ठरलं. सांगलीहून थेट इथे. मुलगी मोठी होईपर्यंत शिक्षण राहिलं ते राहिलंच. मग जवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. कॅलिफोर्नियातल्या रहिवाशांना तिथे युनिटमागे, म्हणजे कोर्सच्या एकेका श्रेयांकामागे, ४६ डॉलर फी पडते, त्यामुळे घरच्यांनाही 'शिकू दे, भाजी आणायला गेली तरी एवढे जातात' असं वाटतं. तिथे साठ सेमिस्टर युनिट जमवायचे आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात ट्रान्सफर घ्यायची, असा इथला रिवाज. ऐकायला फार सोपं. पण नर्सिंगसाठी त्या साठात शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायन, संख्याशास्त्र हे सगळं हवं, आणि वर सार्वजनिक भाषणाचा एक कोर्सही. भाषण शिकायला मी पैसे भरले हे ऐकून माहेरी दोन दिवस हसत होते.

शास्त्राच्या विषयांना मुदतही असते. कुठे पाच वर्षं, कुठे सात. त्यानंतर तुमचं शरीरशास्त्र शिळं. माणसाच्या अंगात तेव्हाही २०६ हाडं होती आणि आजही तेवढीच आहेत, पण कागदावर ती ताजी लागतात.

मला सगळ्यात आवडली ती सूक्ष्मजीवशास्त्राची लॅब. ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतू ओळखण्यासाठी ते रंगवणं, करताना काचपट्टीवर आधी क्रिस्टल व्हायोलेट घालायचं. लहानपणी तोंड आलं की जिभेला फासायचे तेच हे जांभळं औषध. मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुवायचं, शेवटी सॅफ्रानिन. सगळी कसोटी त्या अल्कोहोलपाशी. दोन सेकंद जास्त पडलं की जांभळे राहायला हवे होते ते जंतूही रंग सोडतात आणि शेवटी गुलाबी दिसतात. आपण छातीठोकपणे चुकीच्या जंतूचं नाव लिहून मोकळे. माझी लॅब पार्टनर एकोणीस वर्षांची फिलिपिनो मुलगी होती. तिची आई नर्स, दोन मावश्या नर्स, आणि तिच्या घरी कुणी 'डॉक्टर तरी हो' म्हणत नव्हतं. आमची बोटं मात्र सारखीच जांभळी व्हायची. त्याच बोटांनी मी संध्याकाळी पोळ्या लाटायची आणि लेक त्या पोळ्या उजेडात धरून तपासायची.

आता गंमत बघा. एका नर्सकडे किती रुग्ण असावेत याचा कॅलिफोर्नियात कायदाच आहे, २००४ पासून अमलात आहे. साध्या वॉर्डात एकीमागे पाच, अतिदक्षता विभागात दोन. म्हणजे नर्स हव्यातच. पण त्या तयार करायला रुग्णालयांत प्रशिक्षणाच्या जागा मिळत नाहीत, आणि शिकवायला माणसं मिळत नाहीत, कारण शिकवण्यापेक्षा वॉर्डात जास्त पैसे मिळतात. त्यामुळे स्टेट युनिव्हर्सिटीत नर्सिंगची एकेक जागा आणि तिच्यासमोर ही रांग. रांगेत सगळ्यांना ए ग्रेड. ज्याला एका विषयात बी आहे, तो त्याबद्दल दबक्या आवाजात बोलतो.

विद्यापीठात नाही मिळालं तर कम्युनिटी कॉलेजची नर्सिंगची पदवी असते. लायसन्सची परीक्षा तीच. तिथेही अर्ज उदंड, म्हणून काही कॉलेजं चक्क सोडत काढतात, आपल्या म्हाडाच्या घरांसारखी. काही कॉलेजं गुण मोजतात, आणि त्या गुणांच्या कायद्यात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येत असेल तर तीही धरलेली आहे. स्पॅनिश, टागालोग, फार्सी आणि शिवाय भारतीय उपखंडातल्या विविध भाषा! म्हणजे मराठीला कॅलिफोर्नियात भाव आहे. मी हरखून गेले. पण समुपदेशक बाईंनी पुरावा मागितला. माझ्याकडे पुरावा म्हणजे दहावीची मार्कशीट, आणि त्यात मराठीला गणितापेक्षा कमी गुण. ती दाखवली असती तर आहेत ते गुणही काढून घेतले असते.

अर्जाची खिडकी ऑक्टोबरच्या एक तारखेला उघडते आणि नोव्हेंबर संपता संपता बंद होते. मधे दिवाळी. त्यात यंदा लेक बारावीला, तिचेही अर्ज त्याच सुमारास. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, मधे चकल्यांचा डबा. नवरा दोघींच्या पाठीमागून दबकत जायचा. तिचं बरं होतं, तिच्यामागे शाळा होती, शाळेत समुपदेशक होते. माझ्यामागे सासूबाई होत्या.

ट्रान्सफरवाल्याने आजवर पाय ठेवलेल्या प्रत्येक कॉलेजचं नाव सांगायचं असतं. एकही लपवायचं नाही. मग त्या प्रत्येक कॉलेजातला प्रत्येक विषय, क्रमांक, युनिट आणि ग्रेडसह आपल्या हाताने टाइप करायचा. इथलं ठीक आहे. पण सांगलीच्या एफ.वाय.चा 'प्राणिशास्त्र पेपर दुसरा' कुठल्या रकान्यात घालू? विचारत होते: सेमिस्टर की क्वार्टर? आमचं वर्षाचं सगळं एकाच एप्रिलमध्ये, उन्हाच्या तडाख्यात, एकदम. तो पर्याय त्या यादीत नव्हता.

शिवाय त्या दोन वर्षांचा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषयवार गुणांचा अधिकृत उतारा हवा, विद्यापीठाने सीलबंद पाकिटात घालून, चिकटवलेल्या कडेवर सही-शिक्का मारून दिलेला. ही कामगिरी धाकट्या भावावर सोपवली. विद्यापीठाचं नाव घेत नाही. भावाला अजून त्याच गावात राहायचंय. खिडकीवरच्या माणसाने आधी विचारलं, "डिग्री झालीच नाही तर ट्रान्सक्रिप्ट कशाला?" मग चलन, मग चलनाची झेरॉक्स, मग जेवणाची सुट्टी, मग ज्यांची सही लागते ते साहेब एका लग्नाला. अखेर एका संध्याकाळी भावाचा विजयी फोन आला. "ताई, मिळालं! आणि मी फोडून बघितलं, नाव बरोबर आहे तुझं."

मी काही बोलले नाही. माझ्याऐवजी लेक बोलली, तिला येतं तेवढ्या सगळ्या मराठीत.

पुन्हा खिडकी, पुन्हा चलन. आता तो खिडकीवरचा माणूस आणि भाऊ एकमेकांना नावाने ओळखतात, तो भावाच्या घरी वास्तुशांतीला येऊन गेला.

पाकीट एवढ्या लांब निघालंय तोवर टीज ही नर्सिंगची प्रवेशपरीक्षा उरकून घ्यावी म्हटलं. वाचन, गणित, शास्त्र, इंग्रजी. १७० प्रश्न, २०९ मिनिटं. घरी बसून देता येते, पण कॅमेरा आधी खोलीभर फिरवून दाखवायचा. टेबल रिकामं, भिंती उघड्या, आणि खोलीत दुसरं माणूस येता कामा नये. मी सगळ्यांना बजावून दार लावून बसले. शास्त्राच्या विभागात मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनपाशी अडकले होते तेवढ्यात दार उघडलं. "किती वेळ नुसती पुटपुटतेयस गं, घसा सुकला असेल," म्हणत सासूबाई आल्याचा चहा घेऊन आत. लॅपटॉपमधून एक पुरुषी आवाज कडाडला. सासूबाईंनी कप ठेवला, पदर सारखा केला, स्क्रीनकडे बघून नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, "कोण पाहुणे आहेत? त्यांना विचार की चहाचं." मला फक्त ताकीद मिळाली. मला वाटतं त्या नमस्कारामुळेच.

त्यानंतर अर्जातला सर्वांत कठीण रकाना आला: आरोग्यसेवेचा अनुभव. संस्था, कालावधी, एकूण तास, सुपरवायझरचं नाव आणि फोन. वृद्धाश्रमात मी स्वयंसेवा केली होती ती लिहिली. सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्याला छाती दाबून वाचवण्याचं, प्रमाणपत्र जोडलं. तिथे छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते, आणि आरत्या संपत आल्या की टाळ्यांना जी घाई येते तीच धरून मी त्या रबरी बाहुल्याचा जीव वाचवला होता. पण तास मोजले तर सगळं मिळून पडलं अगदी तुटपुंजं. आणि इथे माझ्या घरात मधुमेह असलेल्या, रक्तदाब असलेल्या, मोतीबिंदू काढलेल्या, खुबा बदललेल्या बाई बसलेल्या. त्यांची साखर मी बघते, इन्सुलिन मी देते, ऑपरेशननंतर मांडी घालू नका म्हणून दिवसभर मी ओरडते. नियम असा, की घरच्या माणसाचं केलेलं धरत नाहीत. परक्याला एक तास भरवलंत तर तो अनुभव, सासूला वर्षानुवर्षं भरवलंत तर तो संसार.

मी हे तावातावाने सांगत होते. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मग सुपरवायझर म्हणून माझं नाव लिही की. मीच बघत असते तुझ्याकडे."

"अहो आई, त्यांनी फोन केला तर?"

"करू देत. सांगेन मी. कामाला वाघ आहे, तोंडाने जरा फटकळ आहे."

ज्या निबंधात 'तुम्हाला नर्स का व्हायचंय' हे सांगायचं होतं, त्याची सुरुवात मी 'रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा' अशी केली होती. आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात पाटीच होती तशी. लेकीने ते वाक्य पहिल्यांदा उडवलं. मग वृद्धाश्रमाचा परिच्छेद उडवला, तो सगळेच लिहितात म्हणून. "आई, यात तू कुठेच नाहीयेस," ती म्हणाली. "तू काय केलंस ते लिही." आम्हाला शाळेत पावसाळ्यावर लिहायला शिकवलं, फाटक्या पुस्तकाच्या आत्मवृत्तावर लिहायला शिकवलं. स्वतःबद्दल चार बरे शब्द लिहायची वेळ फक्त लग्नाच्या बायोडेटात आली होती आणि तो वडिलांनी लिहिला होता. शेवटी मी खुब्याच्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र लिहिली. सासूबाई वेदनेने कळवळत होत्या आणि दुखतंय का विचारलं की "नाही" म्हणत होत्या, आणि तिथली रात्रपाळीची नर्स त्यांचं 'नाही' ऐकून न घेता त्यांच्या मुठीकडे बघत होती. लेकीने यात फक्त दोन स्वल्पविराम बदलले.

मार्चमध्ये लेकीचे निकाल आले, एप्रिलमध्ये माझा. मिळाली जागा! सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि स्वतःही चिमूटभर तोंडात टाकली. मी बघितलं, बोलले नाही.

पत्राबरोबर पुढची यादी होती: पार्श्वभूमीची तपासणी, कांजण्या, गोवर, हिपॅटायटिस बी, सगळ्यांच्या प्रतिकारशक्तीचे रक्ताचे अहवाल, आणि क्षयरोगाची चाचणी. आपल्या पिढीच्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा व्रण असतो, त्यामुळे कातडीवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताची केलेली बरी. आणि बालपणीच्या लसीकरणाची नोंद असल्यास जोडावी.

भावाला फोन लावला. आईचं कपाट उपसून त्याने रात्रीच उलट फोन केला.

"ताई, कार्ड सापडलंय बहुतेक. आईने पाकिटात घालून चिकटवून ठेवलंय. फोडू का?"