‘आधी सर्वांत घातक साथ, बाकीचे रोग नंतर’ हे गणित का चुकतं?

‘गरीब देशात दोन-तीन साथी एकदम आल्या, तर सगळी माणसं आणि पैसा सर्वांत घातक साथीवर लावावा, बाकीचे रोग थांबू शकतात,’ असा संदेश सध्या फिरतो आहे. वाचताना पटतो, म्हणूनच त्याला उत्तर द्यावंसं वाटलं.

पहिला प्रश्न, घातक म्हणजे काय? काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या पूर्व भागात ऑगस्ट २०१८ ते जून २०२० या काळात इबोलाचे ३,४७० रुग्ण नोंदले गेले आणि २,२८७ जण दगावले. तिघांतले दोघं गेले. त्याच देशात गोवराने एकट्या २०१९ मध्ये ६,००० हून जास्त बळी घेतले, त्यात बहुतांश लहान मुलं. गोवर झालेल्यांतले बहुतेक बरे होतात, पण लागण लाखोंना झाली होती. शिवाय त्यावर स्वस्त, खात्रीची लस कित्येक दशकांपासून आहे. त्या मुलांना ‘थांबा’ कोण सांगणार? इबोलाशी जोमाने लढायलाच हवं होतं, याबद्दल दुमत नाही.

‘बाकीचे थांबू शकतात’ हे तर धोकादायक आहे. मलेरिया आणि इबोला दोन्हींची सुरुवात तापाने होते. पश्चिम आफ्रिकेतल्या साथीत मलेरियाचा साधा रुग्णही इबोलाचा संशयित ठरून खऱ्या रुग्णांशेजारी बसण्याची भीती होती. सिएरा लिओनने डिसेंबर २०१४ आणि जानेवारी २०१५ मध्ये सुमारे २५ लाख लोकांना घरोघरी मलेरियाच्या गोळ्या दिल्या. हेतू हाच, की तापाचे रुग्ण घटले तर इबोला केंद्रांवरचा भारही घटेल. दुसऱ्या रोगावरचं काम इथे पहिल्याच्या उपयोगी पडलं.

राहिला ‘प्रत्येक रोगाला वेगळी यंत्रणा परवडत नाही’ हा मुद्दा. खरं आहे, परवडत नाहीच. पण वेगळी हवी कशाला? जुलै २०१४ मध्ये विमानाने आलेल्या एका प्रवाशाबरोबर इबोला लागोससारख्या महानगरात शिरला, तेव्हा नायजेरियात पोलिओ निर्मूलनाची यंत्रणा आधीच उभी होती. तिथली अनुभवी माणसं आणि कामाची पद्धत इबोलाकडे वळवली गेली. रुग्णांच्या संपर्कात आलेल्या सुमारे ९०० जणांचा माग काढून २१ दिवस रोज त्यांची विचारपूस झाली. एकूण २० रुग्ण, ८ मृत्यू, आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला.