आठ मंद्र सुरांच्या बाजूने

सप्रेम नमस्कार.

आपण दोन आक्षेप घेतले आहेत. जर्मन संगीतकार बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’मध्ये (एकाच तुकड्याच्या तीस बदलत्या रूपांमध्ये) तोच बेस, म्हणजे तळाच्या मंद्र सुरांची ओळ, तीस वेळा परत येतो, हे माझे विधान आपल्या कानांना पटले नाही, आणि त्याचा समकालीन हँडेल याने आठ बारचा, म्हणजे तालाच्या आठ समान भागांचा, एकच बेस बासष्ट वेळा घोळवला यात आपल्याला कल्पनेचे दारिद्र्य दिसते.

पहिला आक्षेप मला बराचसा मान्य आहे. ‘तोच बेस’ असे मी सरसकट लिहायला नको होते. पांढरी पाचचा (पाश्चात्त्यांच्या ‘जी’चा) षड्ज धरून हार्मोनियमवर सा, त्याखालचे नी, ध, प, मग आणखी खालचा ग, तेथून म, प असे चढून शेवटी मंद्र सा, हे आठ शुद्ध स्वर सावकाश वाजवून पाहावेत. पहिले चार सूर पायरीपायरीने उतरतात, पाचव्यावर उडी पडते आणि ‘प’वरून ‘सा’वर येताच वाक्य पुरे होते. हँडेलच्या जी मेजरमधल्या शकोनचा, म्हणजे एकाच बेसवर रचलेल्या त्या बासष्ट व्हेरिएशन्सचा, सगळा पाया एवढाच आहे. बाखच्या आरियात, म्हणजे आरंभीच्या मूळ तुकड्यात, मात्र बत्तीस बार आहेत आणि हे आठ सूर त्यांपैकी पहिल्या आठ बारचा आधार आहेत. पुढच्या व्हेरिएशन्समध्ये ते नेहमी उघडे राहत नाहीत. ते धावत्या सुरावटीत विरघळतात, कधी बारच्या आरंभी न येता मागाहून येतात. पंचविसाव्या, जी मायनरमधल्या (त्याच षड्जावरच्या, पण कोमल गंधाराच्या) व्हेरिएशनमध्ये तर सा आणि खालचा प यांच्यामध्ये शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध अशी एकही पट्टी न सोडता डावा हात खाली येतो, आणि त्या उतरणीवर उजव्या हाताची सुरावट अक्षरशः विव्हळते. परत येतो तो हार्मनीचा सांगाडा, म्हणजे कोणत्या बारमध्ये कोणत्या सुरावर टेकायचे हा क्रम. आरियाची वरची, अलंकारांनी सजवलेली चाल शेवटपर्यंत परत येत नाही, त्यामुळे व्हेरिएशन्समध्ये आपण तिला शोधत राहिला असाल तर निराशा होणे स्वाभाविक आहे.

दुसरा आक्षेप मात्र मला मुळीच मान्य नाही. हँडेलची ही रचना 1733 साली लंडनमध्ये छापली गेली. तिच्यातली काही व्हेरिएशन्स बोटांच्या सरावापलीकडे जात नाहीत, हे मीही म्हणेन. तरी शेवटच्या, बासष्टाव्या व्हेरिएशनमध्ये एक आवाज पुढे जातो आणि दुसरा तीच ओळ घेऊन त्याच्या मागोमाग येतो, तेव्हा इतका वेळ केवळ आधार वाटलेला बेस केवढे पेलू शकतो हे कळते. बाखने 1741 मध्ये न्यूरेंबर्गला आपली तीस व्हेरिएशन्स छापून घेतली, त्यांत दर तिसऱ्या ठिकाणी, एकट्या तिसाव्याचा अपवाद सोडता, अशीच मागोमाग येणाऱ्या आवाजांची रचना, म्हणजे कॅनन, ठेवली, आणि एवढ्यावरही त्याचे समाधान झाले नाही. त्याच्या स्वतःच्या छापील प्रतीत शेवटच्या कोऱ्या पानावर त्याने याच आठ सुरांवर आणखी चौदा कॅनन लिहून ठेवले होते. ही प्रत 1974 साली स्ट्रासबर्गमध्ये उजेडात आली. त्यांतल्या पहिल्याच कॅननमध्ये हेच आठ सूर एकाच वेळी सुलटे आणि उलटे वाजतात. आपण दारिद्र्य म्हणता ते मला या पानावर कोठेही दिसत नाही.