रात्रभराच्या बोटीवर कुत्र्याला गुंगीत नेण्याचा सल्ला

मराठवाड्यातील श्वानपालकांच्या व्हॉट्सॲप समूहांत सध्या एक संदेश फिरत आहे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर येथून नोकरीसाठी इंग्लंडला निघालेल्या कुटुंबांपर्यंत तो हमखास पोहोचतो. ब्रिटनमध्ये पाळीव कुत्रा विमानाने न्यायचा तर तो मालवाहतुकीतूनच न्यावा लागतो. ते टाळण्यासाठी अनेकजण कुत्र्यासह ॲम्स्टरडॅमपर्यंत विमानाने जातात आणि पुढचा समुद्र बोटीने ओलांडतात. संदेश सांगतो की कुत्र्याला बोट लागत नाही. तरीही निघण्यापूर्वी त्याला झोपेची गोळी द्यावी, आदल्या दिवसापासून अन्नपाणी बंद ठेवावे, बोटीवर त्याला गाडीतच राहू द्यावे, आणि बोटीला विमानासारखी कागदपत्रे लागत नाहीत. मुंबई ते मांडवा हा तासाभराचा रो-रो प्रवास डोळ्यांसमोर ठेवून कोणी हे लिहिले असेल तर नवल नाही. परंतु ॲम्स्टरडॅमजवळून इंग्लंडमधील न्यूकॅसलला जाणारी बोट सुमारे सोळा तास घेते आणि इंग्लंडमधीलच पोर्ट्समथहून स्पेनमधील सांतांदेरला जाणारी तीस तासांच्या आसपास.

पहिले विधान तर सरळ चुकीचे आहे. बोट लागण्याचे मूळ कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियात असते आणि ते कुत्र्यालाही असते. किंबहुना या विकाराचे विसाव्या शतकातील बरेचसे संशोधन कुत्र्यांना झोपाळ्यावर झुलवूनच झाले, आणि ज्यांचे हे इंद्रिय काढून टाकले होते त्या कुत्र्यांना उलट्या झाल्या नाहीत. कुत्रा तक्रार करीत नाही म्हणून त्याला त्रास होत नाही, असा समज होतो. लाळ गळणे, सारखे ओठ चाटणे, वारंवार जांभया देणे आणि अस्वस्थ फेऱ्या मारणे ही त्याची लक्षणे उलटीच्या बरीच आधी दिसतात, आणि पिलांमध्ये ती अधिक आढळतात. यावर मॅरोपिटंट हे औषध आहे. ते उलटी थांबवते, पण गुंगी आणण्यासाठी ते नसते.

झोपेच्या गोळीचा सल्ला मात्र निव्वळ चुकीचा नसून घातक आहे. या कामासाठी पूर्वापार दिल्या जाणाऱ्या ॲसप्रोमॅझिनने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि शरीराचे तापमान राखण्याची क्षमता मंदावते. कुत्रा शांत दिसतो खरा, परंतु त्याची भीती गेलेली नसते. हालचाल करण्याचे बळ तेवढे गेलेले असते. हेलकावणाऱ्या बोटीवर पाय रोवून तोल सावरणे त्याला जमत नाही, आणि गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास मुळातच असतो. आपल्याकडच्या कारवानासारख्या सडपातळ शिकारी कुत्र्यांबाबतही सावध राहणे बरे, कारण त्याच बांध्याच्या ग्रेहाउंडमध्ये काही भुलीच्या औषधांचा अंमल फार काळ टिकतो. अनेक विमान कंपन्याही गुंगीत असलेला प्राणी स्वीकारत नाहीत, त्यामुळे ही गोळी प्रवास ॲम्स्टरडॅमच्या आधीच अडवू शकते. कुत्रा खरोखरच फार घाबरट असेल तर पशुवैद्यक आज गाबापेंटिन किंवा ट्रॅझोडोन या भीती कमी करणाऱ्या औषधांचा विचार करतात, आणि तेही आधी घरी एकदा देऊन, परिणाम पाहून. औषधाच्या दुकानात माणसाची झोपेची गोळी मागून अर्धी तोडण्याचा प्रकार यात बसत नाही.

अन्नपाणी तोडण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. निघण्याच्या काही तास आधी हलका आहार द्यावा आणि पाणी कधीच बंद करू नये. बोट लागतच नसेल तर उपास कशासाठी, याचे उत्तर संदेशातही नाही. बहुधा खरी चिंता शी-शूची असावी. लांबच्या अनेक बोटींवर कुत्र्यांना फिरवण्यासाठी डेकवर जागा असते; अडचण अशी की मातीची सवय असलेला कुत्रा लोखंडी डेकवर तासन्‌तास अडून बसतो. त्यासाठी निघण्याच्या काही आठवडे आधीपासून गच्चीवर कृत्रिम हिरवळीच्या तुकड्यावर सवय लावावी आणि त्याचा वास लागलेला तोच तुकडा सोबत न्यावा.

गाडीत ठेवण्याच्या सल्ल्यामागे एक अर्धसत्य आहे: काही मार्गांवर कुत्र्याला खरोखरच गाडीत राहावे लागते. परंतु बोट सुटल्यावर गाड्यांचा मजला सहसा बंद केला जातो आणि मनात येईल तेव्हा खाली जाता येत नाही. मे महिन्यात परभणीत बंद गाडीत दहा मिनिटे बसलेल्याला उष्णतेचे वेगळे स्पष्टीकरण नको. कुत्रा घामाने नव्हे, मुख्यतः धापा टाकून थंड होतो, आणि गुंगीच्या गोळीने नेमकी तीच सोय दुबळी होते. म्हणजे संदेशातील दोन सल्ले एकत्र पाळले तर धोका वाढतो. न्यूकॅसल आणि सांतांदेर या दोन्ही मार्गांवर कुत्र्यासह राहता येईल अशा केबिन आहेत. त्या थोड्याच असल्याने विमानाच्या तिकिटाआधी केबिन मिळते का, हे पाहावे.

कागदपत्रांचे विधान सर्वांत महाग पडणारे आहे. बोट असो वा विमान, मायक्रोचिप आणि त्यानंतर दिलेली रेबीजची लस लागतेच. भारतातून जाणाऱ्या कुत्र्यासाठी लसीनंतर किमान ३० दिवसांनी घेतलेल्या रक्तात प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते, आणि रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबावे लागते. म्हणजे तयारी चार महिने आधी सुरू होते. निर्यातीचा आरोग्य दाखला केंद्र सरकारच्या पशु विलगीकरण केंद्रातून मिळतो. मराठवाड्याला त्यासाठी मुंबई किंवा हैदराबाद गाठावे लागते. शिवाय नेदरलँड्समधून ब्रिटनला जाणाऱ्या कुत्र्याला फीतकृमीचे (पोटातील चपट्या जंताचे) औषध पशुवैद्यकाने ब्रिटनमध्ये पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत देऊन तशी नोंद केलेली असावी लागते. संभाजीनगरहून निघताना दिलेला डोस ॲम्स्टरडॅममध्ये आठवडाभर मुक्काम झाल्यास चालत नाही. अशा वेळी तो तिथल्याच पशुवैद्यकाकडून, बोटीच्या वेळेचा हिशेब करून घ्यावा.