जुन्या अँप्लिफायरचा (अँपचा) हम आणि अर्थ पिन : एक खुलासा

"जुना स्टिरिओ अँप घूंऽऽ करतोय? प्लगची अर्थ पिन काढा, हम गायब" असा मेसेज ग्रुपवर फिरतोय (अर्थ पिन म्हणजे प्लगची तिसरी, जाड पिन). प्लीज असं करू नका. ग्राउंड लूप (दोन उपकरणांची अर्थ केबलमधूनही जोडली जाऊन झालेला फेरा) असेल तर हम खरंच थांबतो, म्हणून लोकांना पटतं, पण ती पिन शॉकपासून वाचवायला असते, आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर 230 व्होल्ट थेट मेटलच्या बॉडीवर येतात आणि अर्थ नसल्यामुळे फ्यूजही उडत नाही, हात लावेपर्यंत कळतच नाही. शिवाय 70 च्या दशकातल्या कितीतरी अँपना दोनच पिनांची वायर आहे, तिथे काढायला पिनच नाही तरी हम येतोच ना!

घरीच चेक करा. सगळ्या इनपुट केबल काढून व्हॉल्यूम शून्यावर न्या. तरी तेवढाच हम राहिला तर बहुतेक पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर (आतल्या डीसी व्होल्टेजचे चढउतार सपाट करणारे भाग) वाळलेत, हा हम सहसा 100 हर्ट्झचा असतो, कारण रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) आपल्या 50 हर्ट्झ मेन्सची दुप्पट करतो. केबल काढल्यावर गेला तर भानगड बाहेर आहे: टर्नटेबलची ग्राउंड वायर सुटलीय, केबलचं शील्ड (तारेभोवतीचं जाळीचं आवरण) तुटलंय किंवा टीव्हीच्या केबलमुळे लूप झालाय. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

कपॅसिटर मात्र जाणकाराकडूनच बदला, स्विच बंद केल्यावरही त्यांच्यात चार्ज राहतो.

तो पिनवाला मेसेज पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हे कळवा.